अडीच मिनिटांची बाई

आमच्या आत्याला नगरपालिकेत नावानं कुणी हाक मारत नाही. समोर सगळे 'बाई' म्हणतात आणि तिची पाठ वळली की 'मिनिटबाई'. तिला हे ठाऊक आहे. मध्यंतरी एका शिपायाच्या तोंडून चुकून समोरच 'मिनिटबाई' निघालं आणि तो पांढराफटक पडला. ही म्हणाली, "मिनिट नाही, अडीच मिनिटं. माणसाचं नाव अर्धवट घेऊ नये."

तिचं काम इमारती तपासण्याचं. गावात जिथं म्हणून माणसं मुक्कामाला राहतात, लॉज, वसतिगृह, दवाखाना, वृद्धाश्रम, तिथं तिची सही झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. त्यासाठी नमुना चौदा नावाचा दोन पानी कागद असतो. त्यातला अकरावा रकाना असा: सर्वांत लांबच्या खोलीतल्या माणसाला, दार नेहमीप्रमाणे लावलेलं असताना, बाहेरच्या मदतीशिवाय रस्त्यापर्यंत यायला लागलेला वेळ. मर्यादा अडीच मिनिटं. आग लागो, छत कोसळो की नुसता जीव घाबरो, माणूस तेवढ्यात उघड्यावर आला पाहिजे. चाचणी तपासनीसानं स्वतः आत जाऊन द्यायची आणि घड्याळ धरायचं अर्जदारानं, म्हणजे मागाहून भांडण नको.

तिच्या आधीचे तपासनीस हा रकाना चहाच्या टपरीवर भरत. 'दोन मिनिटं' लिहिलं की झालं. नोकरीच्या पहिल्या वर्षी आत्यानंही तेच केलं, हे ती स्वतःच सांगते. मग एका नातेवाइकाच्या लग्नाला ती गावाबाहेरच्या एका लॉजवर उतरली. सकाळी दार फुगून बसलं. बाकीचे सगळे लग्नघरी पुढे गेलेले. ही नवी साडी नेसून दीड तास दार बडवत होती. समोरच्या भिंतीवर काचेत बसवलेला परवाना: अकरावा रकाना, दोन मिनिटं, खाली हिची झोकदार सही. "दीड तास स्वतःची सही वाचत बसले," ती म्हणते. "इतकी वाईट सही मी जन्मात पाहिली नाही."

त्यानंतर तिनं शाळेच्या खेळाच्या मास्तरांकडून एक जुनं स्टॉपवॉच मागून घेतलं, त्याला बुटाची नाडी बांधली, आणि गेली एकतीस वर्षं ती गावातल्या प्रत्येक शेवटच्या खोलीत जाऊन दार लावून घेतेय. वृद्धाश्रमात ती गुडघ्यांना पट्ट्या आवळून चालली, कारण तिथली माणसं पळत नाहीत. मुलांच्या वसतिगृहात डोळ्यांना रुमाल बांधून, कारण धुरात दिसत नाही. लॉजवाल्यांच्या तिनं नाकी नऊ आणले. आमच्या बाबांच्याही. ते तिचे थोरले भाऊ. आमच्या घरात मागच्या दारापुढे एक लाकडी कपाट होतं. ते हलवा, असं ती म्हणाली. घर म्हणजे काय लॉज आहे का, असं बाबा म्हणाले. मग मी मुक्कामाला येत नाही, असं ती म्हणाली, आणि आठ महिने आली नाही. शेवटी बाबांनी कपाट हलवलं. ते आता बैठकीच्या खोलीत मधोमध उभं असतं आणि पाहुणे त्याला वळसा घालून बसतात. बाबा त्या कपाटाबद्दल रोज बोलतात. सुट्टीच्या दिवशी दोनदा.

आता ज्या इमारतीसाठी हे सगळं सांगतोय, तिच्याकडे येतो. गेल्या वर्षी वरच्या सरकारचं पत्र आलं. ज्या माणसांचे नागरिकत्वाचे कागद अपुरे निघालेत त्यांना त्यांचा निकाल लागेपर्यंत कोंडून ठेवायला जागा हव्यात. जी नगरपालिका जागा देईल आणि चालवील तिला खाटेमागे अनुदान. आमच्या सभेत हा विषय सतरावा होता. सोळावा रस्त्यावरच्या दिव्यांचा, अठरावा बागेला नाव देण्याचा. बागेच्या नावावर पावणेदोन तास भांडण झालं. सतरावा चार मिनिटांत मंजूर. ठरावात त्याला 'तात्पुरते निवास केंद्र' म्हटलं, आणि मग पालिका गटारं बांधते त्याच चालीनं हेही सुरू झालं. जागा म्हणून नर्सिंगच्या मुलींचं बंद पडलेलं वसतिगृह निघालं. जेवणाचा ठेका दवाखान्याला जेवण देणाऱ्यालाच मिळाला. पहाऱ्याला बंद झालेल्या जकात नाक्यावरची माणसं दिली, कारण ती नुसतीच बसून होती. डॉक्टर दर मंगळवारी, दोन ते चार. यात राक्षस कुणी नव्हता, हे सांगितलं पाहिजे. जो तो आपल्या टेबलावरचा कागद पुढच्या टेबलावर सरकवत होता. त्यातलं एक टेबल माझं.

मी बांधकाम विभागात कारकून आहे. या केंद्राच्या परवान्यासाठी योग्य नमुना शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी कपाटं उपसली. माणसं कोंडायचा नमुना नगरपालिकेकडे नसतो. ते काम आपलं कधी नव्हतंच. कोंडण्याविषयीचा एकच कागद सापडला, तो गुरांच्या कोंडवाड्याचा. मोकाट जनावरं किती, पाणी कुठलं, चारा कुणाचा. मी तो मुकाट्यानं मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो दोन बोटांनी परत सरकवला. वर्तमानपत्रवाले आपल्याला फाडून खातील, असं म्हणाले. निवासच आहे ना, मग वसतिगृहाचा लावा. मी नमुना चौदा लावला. अकरावा रकाना त्यांनी वाचला नव्हता. मीही नाही, आणि मी तर तिचा सख्खा भाचा.

सोमवारी पहिली बस येणार होती, बेचाळीस माणसांची. गावात तपासनीस एकच. तिची सही गुरुवारपर्यंत झाली नाही तर वरून बस निघणार नव्हती. यादी कार्यालयात आलेली होती. तिच्यात तिसऱ्या ओळीत दवाखान्याच्या चादरी धुणारी बाई होती. बावीस वर्षं सगळं गाव तिनं धुतलेल्या चादरींवर आजारी पडलंय. मी हे आत्याला सांगायला गेलो, तर तिनं मलाच झापलं.

"यादी मला दाखवू नकोस. मी माणसं तपासत नाही, दारं तपासते. ती यादीत नसती तर दार चांगलं झालं असतं का?"

तिच्या निवृत्तीला सोळा महिने उरले होते. बुधवारी मुख्याधिकाऱ्यांनी तिला बोलावून चहा पाजला आणि काही लोकांचे निवृत्तीचे कागद वर्षानुवर्षं कसे अडकून पडतात याबद्दल हळहळ व्यक्त केली. आत्यानं चहा संपवला, कप चांगला आहे म्हणाली आणि उठून आली.

गुरुवारी सकाळी आम्ही चौघं त्या इमारतीत गेलो. आत्या, फाइल घेऊन मी, किल्ल्यांचा जुडगा घेऊन नाक्यावरचे काका, आणि अर्जदार म्हणून उपअभियंता. अर्जदार खुद्द नगरपालिकाच होती, म्हणजे मागणारे आपण आणि देणारेही आपणच. उपअभियंत्यांना गाव होईलसाहेब म्हणतं. कशालाही ते 'होईल' म्हणतात. होत काही नाही, पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

हातात स्टॉपवॉच घेऊन तपासलेली आत्याची पहिली इमारत हीच. वरच्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला सहा नंबरची खोली. तिथं पोचल्यावर तिनं दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला. खांद्याच्या उंचीवर पुट्टी भरून बुजवलेली सहा भोकं होती. कडी आता बाहेर होती. नवी आणली नव्हती, तीच. ठेकेदारानं आतली काढून बाहेर ठोकली होती. दिव्याचं बटणही बाहेर. खिडकीवर फळ्या, मध्ये चार बोटांची फट. दोन खाटांच्या जागी सहा खाटा, आणि कोपऱ्यात झाकणाची एक प्लास्टिकची बादली.

"ही बादली सामानाच्या यादीत नाही," आत्या म्हणाली.

होईलसाहेबांनी घसा खाकरला. रात्रीची सोय आहे, म्हणाले. रात्री एकेकाला बाहेर न्यायला माणसं कुठून आणायची. आत्यानं ते लिहून घेतलं, जसंच्या तसं. मग गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्यांच्या हातात दिलं, आपली पिशवी घेतली आणि खोलीत गेली.

"दार नेहमीप्रमाणे लावा."

"नुसतं लोटून घेतो की बाई."

"नेहमीप्रमाणे, साहेब. सोमवारी लावाल तसं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी फाइलीकडे. कडी सरकली, कुलूप लागलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. "सुरू," आतून आवाज आला.

अडीच मिनिटं फार मोठी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. ती संपल्यावर होईलसाहेबांनी दारावर टकटक केलं आणि उघडू का, असं अदबीनं विचारलं. आत्या म्हणाली, खुशाल उघडा. फक्त अकराव्या रकान्यात 'बाहेरची मदत घेतली' असं लिहा आणि खाली सही करा, घड्याळ तुमच्या हातात आहे. होईलसाहेबांनी आयुष्यात कशावरही एकट्यानं सही केलेली नाही. मग काय करायचं, असं त्यांनी विचारलं.

"मग थांबा. मी प्रयत्न करतेय."

आणि आतून खाट कुरकुरल्याचा आवाज आला. ती आडवी झाली होती. हा प्रयत्न.

तासाभरानं होईलसाहेबांना घाम फुटला आणि त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. साहेब दुपारी बाराला आले. तरुण माणूस, परीक्षा देऊन आलेला, बूट असे चकचकीत की बोळात त्यांचंच प्रतिबिंब त्यांच्यापुढे चालत होतं. त्यांनी काकांना दार उघडायला लावलं. आत्या खाटेवर बसून होती. उठली नाही.

"दार तुम्ही उघडलंत साहेब, मी नाही. रकाना भरता?"

साहेबांनी आधी गोडीनं घेतलं. दोन मिनिटं लिहा, सही करा, मी तुमच्यासाठी गाडी पाठवतो. मग बदलीचं नाव काढलं. आत्या जांभई देत होती. शेवटी त्यांचा आवाज चढला.

"बाई, हे लॉज नाहीये. इथली माणसं आपणहून बाहेर येणं अपेक्षितच नाही."

"मग लॉजचा नमुना का लावलात? कोंडायचा लावा."

"नगरपालिकेकडे तसला नमुनाच नाही."

"मग नगरपालिकेकडे तसली खोलीही नको."

साहेब काकांकडे वळून म्हणाले, लावा दार. "नेहमीप्रमाणे," आतून आत्यानं आठवण करून दिली.

अडचण अशी होती की साहेबांची दोन्हीकडून कोंडी झाली होती. खरं लिहावं तर इमारत नापास, आणि नापास इमारत दारं बदलल्याशिवाय पुन्हा तपासता येत नाही. न लिहावं तर बाई आत. त्यांनी खाली जाऊन वरच्या कार्यालयाला फोन केला आणि एखादा रकाना कोरा चालेल का, असं आडून विचारलं. कागद पुरा झाल्याशिवाय बस निघणार नाही, असं उत्तर आलं.

एक वाजता आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्यानंतर तिनं मला दाराजवळ बोलावून सांगायला सुरुवात केली आणि मी फाइलीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेलो. दिव्याचं बटण बाहेर असल्यानं आतल्या माणसाला दिवसा अंधार. भिंतीवर खिळ्यानं कोरलेली नावं, जुन्या मुलींची, त्यांतली दोन पुसलेली. हवा चार बोटं. नळ बोळात, अठरा पावलांवर, आतून शून्य पावलं, कारण जाताच येत नाही. ती हे इमारत तपासताना सांगते त्याच सपाट आवाजात सांगत होती. मग म्हणाली, "जरा लांब जाऊन उभे राहा सगळे. मला ती बादली तपासायची आहे."

सत्तावन्न वर्षांची बाई. नाक्यावरच्या काकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या मांडीवर ठेवला, जिना उतरले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मागाहून मी गेलो तेव्हा ते म्हणाले की तीस वर्षं लोकांच्या गाड्या अडवल्या, पण अडवलेल्या माणसाला नाक्यामागचा संडास कधी बंद केला नाही. त्या दिवसानंतर त्यांनी तो जुडगा हातात घेतला नाही. घरी बसून मिळेल ते खाईन, म्हणाले.

तोवर बातमी कार्यालयात पोचली होती. चहाच्या सुट्टीत जन्म-मृत्यू विभागातल्या बायका आल्या, मग पाणीपुरवठा, मग तर शहर स्वच्छतेच्या गाड्याच दारात उभ्या राहिल्या. साहेबांनी दोन शिपायांना सांगितलं की बाईंना उचलून बाहेर आणा. एकाची कंबर तत्काळ धरली. दुसरा म्हणाला, "माझी आई वृद्धाश्रमात आहे साहेब. तिथलं दार बाईंनी तपासलंय." आणि हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा राहिला.

साडेचारला साहेबांनी शेवटचा उपाय काढला. आमच्या बाबांना बोलावून घेतलं. थोरल्या भावाचं तरी ऐकेल. बाबा आले ते तणतणतच. दाराशी उभं राहून त्यांनी तिला लहानपणापासूनचे सगळे हट्ट ऐकवले, पाटीवरून केलेल्या भांडणापासून. "चल घरी धाकटे, शोभतं का या वयात," म्हणाले.

"दादा, या दाराला आतून कडी नाही," ती म्हणाली.

बाबांनी दार पाहिलं. मग कुलूप पाहिलं. मग माझ्या हातून फाइल घेतली आणि मागची पानं उभ्यानंच वाचली, बादलीपर्यंत. फाइल परत दिली, चपला काढल्या आणि दाराला पाठ लावून खाली बसले.

"साहेब," ते मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, "हिच्यापायी माझं कपाट आज बारा वर्षं बैठकीत मधोमध उभं आहे. मी स्वतः हलवलंय ते. तुमची कडी तर वीतभर आहे."

लोक हसले. आतूनही हसू आलं. साहेब हसले नाहीत. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. सहा वाजत आले होते, आणि सहानंतर प्रश्न वेगळा होणार होता. होईलसाहेबांनीच तो चाचरत काढला, त्यांच्या जन्मातला पहिला: बाईंना रात्री आत ठेवायचं तर हुकूम कुणाच्या सहीनं काढायचा?

मग दाराच्या पलीकडून आत्या बोलली, अगदी शांतपणे.

"मला एकटीला एक रात्र ठेवायला तुमची सही होत नाही साहेब. आणि बेचाळीस माणसांसाठी माझी सही मागताय?"

साहेबांनी माझ्याकडून फाइल घेतली आणि गुडघ्यावर ठेवून अकरावा रकाना भरला. लागलेला वेळ: सात तास बावन्न मिनिटं. बाहेरची मदत: घेतली. कुणाची: मुख्याधिकारी. खाली सही केली. मग कुलूप काढायला पुढे कुणी येईना म्हणून तेही त्यांनीच काढलं. आत्या पिशवी घेऊन बाहेर आली, होईलसाहेबांच्या हातातलं स्टॉपवॉच तिनं स्वतः बंद केलं आणि बाबांना म्हणाली, "ऊठ. गुडघे धरतील."

सोमवारी बस आली नाही. यादीतली माणसं आपापल्या घरून पोलीस ठाण्यात हजेरी देत राहिली. चादरी धुणारी बाई त्या सोमवारी चादरी धूत होती. मी मुद्दाम दवाखान्यावरून गेलो.

आत्याला नोटीस आली आणि तिची बदली झाली. कुठं, तर कोंडवाड्यावर. साहेबांना विनोदबुद्धी नाही असं आम्ही समजत होतो. तिथं पहिल्याच दिवशी तिनं फाटकाची गंजलेली कडी बदलून घेतली. निवृत्तीचे कागद अडकायला लागलेच आहेत. ती म्हणते, अडकू देत, कागदांना बादली लागत नाही.

तिच्या जागी नवा तपासनीस नेमला, सव्वीस वर्षांचा इंजिनीअर, नोकरी कायम व्हायची आहे. इमारतीत दारांना नुसता रंग दिला आणि 'बदल केले' असं लिहून इमारतीचा अर्ज पुन्हा आला. पुन्हा पुढच्या सोमवारी बस. परवा तो इंजिनीअर कोंडवाड्यावर आत्याकडे गेला, नमुना चौदा हातात घेऊन. मी तिथंच होतो. त्याला धड विचारताही येईना. सगळे दोन मिनिटंच लिहितात का हो बाई, एवढंच कसंबसं म्हणाला.

आत्यानं त्याला लॉजची गोष्ट सांगितली. मग गळ्यातून बुटाची नाडी काढून स्टॉपवॉच त्याच्या हातात ठेवलं.

"सहा नंबरपासून सुरू कर. घड्याळ त्यांच्या हातात दे. आणि डबा जरा मोठा ने, माझा तीनपर्यंत पुरला नव्हता."

तो आज सकाळी दहा वाजता सहा नंबरमध्ये गेला. मी हे बोळातल्या बाकावर बसून फाइलीच्या मागच्या पानांवर लिहितोय. आता सव्वातीन वाजलेत. घड्याळ होईलसाहेबांच्या हातात चालू आहे. आत्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय आणि ती स्टुलावर बसून बंद दाराबाहेरून त्याला खिडकीची फट मोजायला सांगतेय. बाबा चपला काढून कधीच खाली बसलेत. मुख्याधिकारी वाटेत आहेत, असा निरोप आलाय.